एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: फोन ठीक आहे, बेसची जागा बदला

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. मुलीने अमेरिकेहून पाठवलेल्या 2.4 गिगाहर्ट्झच्या कॉर्डलेसची खरखर आम्ही काढली नाही, तरी तपासणीचे 200 रुपये घेतले. दुसरा, 900 मेगाहर्ट्झचा फोन चालू करून द्यायला नकार दिला. आणि हे सगळं इथला नवा फोन तुमच्या गळ्यात मारण्यासाठी केलं. शिवाय 'खोक्यावर डिजिटल स्प्रेड स्पेक्ट्रम छापलंय, त्यात डिस्टर्बन्स येतच नाही, दुकानदाराला यातलं कळत नाही' असंही लिहिलंत. या शेवटच्या वाक्यामुळेच जरा लांब लिहितोय, कारण असे फोन घेऊन येणारे तुम्ही एकटे नाही.

आधी 200 रुपयांचं. फोन उघडला, बॅटरी पॅक लोडवर तपासला, चार्जिंगचे कॉन्टॅक्ट साफ केले आणि काउंटरवरच्या लाइनवर तुमच्यासमोर बोलून दाखवलं. आवाज स्वच्छ होता. मग दुकानाचा राउटर बेसला चिकटवून ठेवला आणि मोबाइलवर व्हिडिओ डाउनलोडला लावला. तुम्हीच म्हणालात, 'हां, घरी असंच तुटतं.' राउटर मागच्या रॅकवर नेला, तुटणं थांबलं. आम्ही यालाच तपासणी म्हणतो. नीट चालणाऱ्या फोनमध्ये उगाच एखादा पार्ट बदलून हजार रुपये लावले असते तर कदाचित पाच स्टार मिळाले असते.

आता खोक्यावरच्या अक्षरांचं. स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणजे सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर न ठेवता रुंद पट्ट्यात पसरवणं. अमेरिकेत 1985 साली तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 902 ते 928, 2400 ते 2483.5 आणि 5725 ते 5850 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत स्प्रेड स्पेक्ट्रम वापरणाऱ्या यंत्रांना परवान्याशिवाय 1 वॉटपर्यंत ताकद वापरू दिली. साध्या ॲनालॉग कॉर्डलेसला 900 च्या पट्ट्यात मिलिवॉटच्या आसपासच भागवावं लागायचं. कंपन्या या तंत्राकडे वळल्या त्यात या सवलतीचा मोठा वाटा होता. घरभर, अंगणापर्यंत रेंज मिळू लागली. त्याआधीचे 46/49 मेगाहर्ट्झचे लांब ॲंटेनावाले फोन आठवत असतील, तर शेजाऱ्यांचं बोलणं आपल्या हँडसेटवर ऐकू यायचं तेही आठवेल. त्या मानाने तुमचा फोन कितीतरी चांगला आहे.

तुमचा 2.4 वाला उड्या मारणाऱ्या जातीचा आहे. बेस आणि हँडसेट ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी चॅनल बदलत राहतात. एखादं चॅनल खराब निघालं तर बोलण्याचा तेवढाच बारीक तुकडा जातो आणि कानाला कळतही नाही. खड्डा चुकवत स्कूटर चालवण्यासारखंच आहे हे, पण रस्ताच खणून ठेवला असेल तर चुकवणार कुठे? एक वायफाय राउटर याच 2.4 च्या पट्ट्यात साधारण 20 मेगाहर्ट्झ व्यापतो, म्हणजे 83.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला जवळपास पाव भाग. सोसायटीत वर, खाली आणि शेजारी 1, 6 आणि 11 या चॅनलवर राउटर असले की मोकळी जागा फारशी उरत नाही.

त्यात एक गंमत आहे. तुमचा फोन ज्या काळात बनला, तेव्हा एफसीसीचा नियम होता की 2.4 च्या पट्ट्यात उड्या मारणाऱ्या यंत्राने किमान 75 चॅनल वापरायचे, सगळे सारख्या प्रमाणात, आणि 30 सेकंदांत एका चॅनलवर 0.4 सेकंदापेक्षा जास्त थांबायचं नाही. म्हणजे राउटरने अडवलेल्या चॅनलवरही फोनला पाळीपाळीने जावंच लागतं. खराब चॅनल ओळखून टाळण्याची युक्ती ब्लूटूथमध्येसुद्धा 2003 च्या सुमारास आली.

पण तुमच्या घरातलं खरं कारण मला वेगळं वाटतं, आणि ते मी पावतीच्या मागे लिहून दिलं होतं. फायबर आल्यापासून लँडलाइनची वायर त्या राउटरच्याच डब्याला लागते. वायर आखूड, म्हणून बेस राउटरला खेटून. राउटर अर्ध्या फुटावर आणि हँडसेट बेडरूममध्ये 30 फुटांवर: अंतरात 60 पट फरक, आणि सिग्नल अंतराच्या वर्गाने क्षीण होतो, म्हणजे दोघांची ताकद सारखी धरली तरी बेसच्या ॲंटेनावर राउटर 3600 पट जोरात ओरडतोय. भिंती वेगळ्याच. टेलिफोनची 15 फुटी वायर आणा, बेस दूर न्या, मोबाइल आणि टीव्ही राउटरच्या 5 गिगाहर्ट्झवर टाका. मायक्रोवेव्हजवळही बेस नको, तोही 2.45 च्या आसपासच चालतो. वायर कोणत्याही दुकानातून घ्या.

900 च्या फोनला नकार दिला तो मात्र कायम आहे. 902 ते 928 हा पट्टा अमेरिकेत मोकळा आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे सिग्नल असतात. टॉवर लांबच्या मोबाइलची क्षीण हाक ऐकत बसलेला असतो आणि तुमच्या हॉलमधून एक कॉर्डलेस नेमका त्याच जागेत बोलायला लागतो. हा दुसरा फोन उड्या मारत नाही. प्रत्येक बिटवर वेगवान कोड चढवून सिग्नल सलग रुंद पसरवतो. पसरवला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. 'कोणाला कळणार आहे' असं तुम्ही काउंटरवर म्हणालात. कळतं. मोबाइल कंपन्यांची माणसं ॲंटेना घेऊन शोधत येतात.

नव्या फोनबद्दल. तुम्ही विचारलंत म्हणून डेक्ट (डिजिटल कॉर्डलेसचा वेगळा प्रकार) दाखवला, हातात कोंबला नाही. तो 1880 ते 1900 मध्ये चालतो, वायफायच्या वाटेला जात नाही. त्यात स्प्रेड स्पेक्ट्रम नाहीच: 10 फ्रिक्वेन्सी, प्रत्येकीवर वेळेचे 24 तुकडे, आणि फोन मोकळी जागा बघून तिथे बसतो. तरीही वायर लांब करून तुमचं काम भागलं तर तो घेऊ नका, 2.4 वाला अजून बरीच वर्षं चालेल. 900 वाला मुलगी पुढच्या वेळी येईल तेव्हा तिच्याबरोबर परत पाठवा, तिथे बिनधास्त वापरता येईल.

आणि 230 चे 110 करणारा तुमचा ट्रान्सफॉर्मर आमच्या काउंटरवरच राहिलाय. तो नेईपर्यंत फोनचा ॲडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगला लावू नका, जळेल. पावती नसली तरी चालेल, दुपारी एक ते चार सोडून कधीही या.