वर्ग केला म्हणून घटस्फोटाचा हक्क जात नाही

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने लग्नाआधीच्या शिक्षणवर्गाला नाव नोंदवले आणि त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरला: ‘अमेरिकेत लग्नाआधी वर्ग सक्तीचा झाला आहे, त्याचा उपयोग काडीचा नाही आणि एकदा तो केला की घटस्फोट मिळत नाही.’ तो वाचून माझ्या बहिणीने लेकीला नाव काढून घ्यायला लावले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सरसकट सक्ती कुठेही नाही. टेक्सासच्या कुटुंब संहितेचे कलम २.०१३ विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना किमान आठ तासांच्या वर्गासाठी केवळ प्रोत्साहन देते. वर्ग केल्यास परवान्याचे ६० डॉलर माफ होतात आणि विवाहविधीपूर्वीची ७२ तासांची प्रतीक्षा टळते. न केल्यासही परवाना मिळतोच. मात्र ही सवलत आणताना मूळ शुल्क ३० वरून ६० डॉलर केले गेले, त्यामुळे कोणी याला आडून लावलेला दंड म्हटले, तर ते मला पूर्णपणे खोडून काढता येणार नाही.

खरा संताप येतो तो घटस्फोटाच्या थापेचा, कारण तिला घाबरून मुली एका साध्या, उपयोगी गोष्टीला मुकतात. लुइझियाना (१९९७), ॲरिझोना आणि आर्कान्सा या तीनच राज्यांत ‘कव्हेनंट मॅरेज’ नावाचा वेगळा विवाहप्रकार आहे. त्यात आधी समुपदेशन घ्यावे लागते आणि घटस्फोटाची कारणे मर्यादित असतात. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तोच इथे आणून चिकटवला आहे. पण तो विवाहही दोघांनी लेखी घोषणापत्रावर सही करून स्वतः निवडावा लागतो आणि शारीरिक छळ हे तिथेही घटस्फोटाचे मान्य कारण आहे. टेक्सासमध्ये हा प्रकारच नाही. तिथे वर्ग केल्याच्या प्रमाणपत्राने शुल्क वाचते. घटस्फोटाच्या कायद्याला त्याने धक्काही लागत नाही.

उपयोगाविषयी थोडक्यात सांगते. चार राज्यांतील तीन हजारांहून अधिक प्रौढांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे शिक्षण घेतलेल्यांमध्ये घटस्फोटाची शक्यता ३१ टक्क्यांनी कमी आढळली. हा केवळ वर्गाचा परिणाम म्हणता येत नाही, कारण वर्गाला जाणारी जोडपी मुळातच अधिक सावध असू शकतात. तरीही ‘काडीचा उपयोग नाही’ हे विधान त्यापुढे टिकत नाही.

भाचीने मला वर्गाची प्रश्नपत्रिका दाखवली. पहिलाच प्रश्न होता: आईवडिलांना पैसे पाठवण्याआधी तुम्ही एकमेकांना विचारणार का? त्या दोघांनी त्यावर तोवर एकदाही बोलणे केले नव्हते. तिने पुन्हा नाव नोंदवले आहे.