मालकाचं उत्तर : फातोर्ड्याची गाडी आणि हुकलेला पहिला गोल

नमस्कार सर,

२२ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झालेल्या एफसी गोवा विरुद्ध सौदी अरेबियाचा क्लब अल नासर या फुटबॉल सामन्याला आपण आमच्या गाडीनं कोल्हापूरहून आलात, त्याबद्दल आभार. प्रवास आपल्या मनासारखा झाला नाही याचं वाईट वाटलं. परतीचं जेवण थंड होतं हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रात्री सामना सुटल्यावर मडगावातून बाहेर पडायलाच इतका वेळ गेला की पार्सल गरम राहिलं नाही. पुढच्या वेळी जेवणाचं वेगळं काहीतरी नक्की बघू.

पण एक स्टार देऊन आपण लिहिलंय, "रोनाल्डोच्या नावावर पैसे घेतले, तो आलाच नाही, आणि गाडी उशिरा नेल्यामुळे पहिला गोलही हुकला. शुद्ध फसवणूक." हे वाचून रात्री झोप लागली नाही. लोक हे वाचून गाडी ठरवतात, म्हणून उत्तर इथंच देतो.

अल नासरच्या रोनाल्डोचं आधी सांगतो. आमच्या पोस्टरवर त्याचा फोटो नव्हता. दोन्ही क्लबांची नावं, तारीख, ठिकाण आणि गाडीचं भाडं, एवढंच होतं. ग्रुपवर त्याचे व्हिडिओ पडत होते, पण ते येणाऱ्या मंडळींनी टाकलेले. सामन्याचं तिकीट प्रत्येकानं आपापलं काढलं होतं. त्यातला एक रुपयाही आमच्याकडे आला नाही, आम्ही फक्त प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे घेतले. अल नासरनं एएफसी चॅम्पियन्स लीग टूचे, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या या स्पर्धेचे, त्याआधीचे दोन्ही गटसामनेही त्याच्याशिवाय खेळले होते. चाळिशीतल्या खेळाडूला असे सगळेच सामने दिले जात नाहीत, हे फुटबॉल बघणाऱ्याला समजतं. तरी तो येईल अशी आशा सगळ्यांना होती, मलाही होती. संघ त्याच्याशिवाय निघाल्याची बातमी आली त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की ज्यांना यायचं नाही त्यांनी सांगा, पैसे परत देतो. एका कुटुंबानं नाव काढलं, त्यांचे पैसे तिथल्या तिथं परत केले. आपण त्या मेसेजला अंगठा दिलाय, सर. तो अजून दिसतोय.

आता उशिराचं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

गाडी कावळा नाक्यावरून सकाळी साडेसातला सुटणार होती. त्या दिवशी पाडवा होता. घरी ओवाळून येतो, थोडं थांबा, असा फोन आपलाच आला आणि आम्ही थांबलो. पाडव्याच्या दिवशी माणसाला घाई करायची नसते म्हणून कुणी काही बोललं नाही. आमचा ड्रायव्हर मात्र पहाटेच ओवाळून घेऊन घरातून बाहेर पडला होता. आठ वाजून गेल्यावर निघालो. आजऱ्यावरून आंबोलीला पोचलो तर घाटात दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. तिथं दहा मिनिटं ठरली होती, फोटोंमुळे अर्धा तास गेला. सावंतवाडीत जेवण झालं. बांद्यावरून पत्रादेवीला गोव्याची हद्द, मग म्हापसा, पणजी, झुआरीचा पूल, वेर्णा. या रस्त्यावर सणाच्या दिवशी किती वेळ धरावा लागतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच निघायची वेळ सकाळची ठेवली होती. एवढं सगळं होऊनही गाडी फातोर्ड्याच्या पार्किंगला लागली तेव्हा सव्वापाच वाजले होते. ड्रायव्हरनं तिथून टाकलेला फोटो ग्रुपवर आहे, त्यावर ५ वाजून १८ मिनिटं ही वेळ आहे.

सामना सव्वासातला होता. म्हणजे हातात जवळजवळ दोन तास होते.

पुढचं इथं लिहायची माझी इच्छा नव्हती. आपण आणि आपले मित्र रिक्षा करून कोलव्याच्या किनाऱ्यावर गेलात. ड्रायव्हरनं सांगितलं होतं की आता जाऊ नका, गेटवर रांग लागेल, तपासणीला वेळ जातो. आपण परत आलात ते सात वाजायच्या सुमारास, पाठीवर मोठी बॅग घेऊन. बॅग आणि पॉवर बँक आत सोडत नाहीत हे आदल्या दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं. गेटवरून आपल्याला परत पाठवलं. बॅग ठेवायला आपण गाडीकडे आलात तेव्हा ड्रायव्हर जेवत होता. तो ताटावरून उठला आणि गाडी उघडून दिली. अल नासरच्या अँजेलोचा पहिला गोल दहाव्या मिनिटाला झाला, म्हणजे सात पंचविसाच्या आसपास. बाकीची सगळी मंडळी तेव्हा आपापल्या जागेवर बसलेली होती. त्यात साठी ओलांडलेले दोन काकाही होते. ते साडेपाचलाच रांगेत उभे राहिले आणि खेळाडूंचा सराव बघायला मिळाला म्हणून खूश होते.

मग गाडी उशिरा कशी झाली, सर?

आणि जे बघायला मिळालं ते थोडं होतं का? एफसी गोवानं आधी भारतातल्या क्लबांचा सुपर कप जिंकून, मग ऑगस्टमध्ये याच मैदानावर ओमानच्या अल सीबला २-१ हरवून या आशियाई स्पर्धेतली जागा मिळवली होती. अल नासर जोआओ फेलिक्स, सादिओ माने अशी माणसं घेऊन आलं होतं. त्यांच्या कामारानं दुसरा गोल केला तेव्हा वाटलं आता पाच-सहा खाणार. आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसनं, गोव्याच्याच पोरानं, गोल केला. तेव्हा स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो टीव्हीवर ऐकू येत नाही. शेवटी २-१ हरलो, पण अल नासरला शेवटपर्यंत निवांत बसू दिलं नाही. आमच्या गाडीत शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतून खेळणारी पोरं होती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचे सामने बघत मोठी झालेली. आशियातला एवढा मोठा क्लब त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर बघितला. परतताना पहाटेपर्यंत ती त्याच गोलाबद्दल बोलत होती. मला ही गाडी चालवायची आहे ती अशा पोरांसाठी. कोल्हापुरात फुटबॉलचा नाद पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण असे सामने बघायला घराबाहेर पडावं लागतं. एकट्यादुकट्यानं जायचं म्हटलं तर खर्च परवडत नाही.

या धंद्यात आमच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही. एक गाडी, तिचा हप्ता आणि लोकांचा विश्वास. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस गोव्यात पुढचा सुपर कप सुरू झाला. त्यातल्या ३१ ऑक्टोबरच्या मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यासाठी नावं दिलेल्या काही जणांनी आपला रिव्ह्यू मला पाठवून विचारलं की हे खरं का. एकानं तर काही न विचारताच नाव काढून घेतलं.

सामान ठेवायची नीट सोय आणि पोचल्यावर कुणी कुठं जायचं याबद्दल स्पष्ट सूचना, हे पुढच्या वेळेपासून करायचा विचार आहे. थंड जेवणाचे पैसे आपल्याला परत करतो, आपला नंबर माझ्याकडे आहे, आजच पाठवतो. जेवणाबद्दल लिहिलंय ते तसंच राहू द्या, रोनाल्डो न आल्याची नाराजीही राहू द्या. फक्त गाडी उशिरा नेली आणि फसवलं, हे वाक्य काढा ही विनंती. ड्रायव्हरनंही ते वाचलंय.

आपला,
गाडीचा मालक