सगळे पाटील एकाच बापाचे का?

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. पाठवणारे आमचेच मामा, म्हणजे घरचाच आहेर. मजकूर असा: 'प्राचीन डीएनएने सिद्ध! जगातल्या दर 200 पुरुषांमागे एक चंगेज खानाचा वंशज. खान आडनावाचे सगळे त्याच्याच रक्ताचे. मुघलही तेच.' खाली हात जोडलेले. तिसऱ्या मजल्यावरचे खानसाहेब त्याच ग्रुपवर आहेत; बारा वर्षं सोसायटीचा हिशोब तेच बघतात. ते काही बोलले नाहीत. मला राहवलं नाही.

आधी ते 'प्राचीन डीएनए'. चंगेज 1227 मध्ये मेला, आणि त्याची कबर आजवर सापडलेली नाही. हाड नाही, दात नाही, मग जुळवलं कशाशी? 2003 मधला तो अभ्यास खरा आहे, दोनशेत एक हा हिशोबही तिथलाच, एवढं कबूल. पण तपासले होते जिवंत पुरुष. आशियाच्या मोठ्या पट्ट्यात सुमारे 8 टक्के पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा, एकच गट निघाला. तो चंगेजच्या घराण्याचा असावा हा संशोधकांचा तर्क होता, आणि त्याला टेकू होता पाकिस्तानातल्या हजारा लोकांच्या तोंडी परंपरेचा. 2018 मध्ये हेच गुणसूत्र जास्त बारकाईने वाचलं गेलं, तेव्हा हा गट चंगेजच्या कितीतरी आधीच्या साध्यासुध्या मंगोलांचा ठरला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता आडनाव. इथे मात्र डोकं फिरतं. खान ही पदवी आहे हो! चंगेजच्या पणजोबालाही काबुल खान म्हणत. पुढे सुलतान-बादशहांनी ती सरदारांना वाटली. लाल महालात बोटं गमावलेल्या शाहिस्तेखानाचं नाव मिर्झा अबू तालिब, घराणं मूळचं इराणचं. मंगोल कुठून आला त्यात? उद्या कोणी म्हणेल, महाराष्ट्रातले सगळे पाटील एकाच बापाचे. मामा स्वतः पाटील आहेत, त्यांनी उत्तर द्यावं.

आणि खरोखरचं प्राचीन डीएनए काय दाखवतं? अवार हे गवताळ मैदानातले घोडेस्वार 567-568 च्या सुमारास पूर्वेकडून मध्य युरोपात उतरले. त्यांच्या राजालाही खागान म्हणत. व्हिएन्नाच्या दक्षिणेला म्योडलिंग आणि लेओबर्सडॉर्फ इथे त्यांच्या काळातली, सातव्या-आठव्या शतकातली दोन दफनस्थळं आहेत, एकमेकांच्या शेजारीच. 722 जणांच्या डीएनएचा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. दोन्हीकडे चालीरीती त्याच, अवार वळणाच्या. नुसती थडग्यातली चीजवस्तू बघून कोणीही म्हणालं असतं, एकाच रक्ताची माणसं. निघालं काय? स्थलांतराला 200 वर्षं होऊनही लेओबर्सडॉर्फची माणसं मुख्यतः पूर्व आशियाई वंशाची, आणि म्योडलिंगची युरोपीय! दोन वस्त्यांत रक्ताचं नातं जवळपास नाही. सहा-सहा पिढ्यांच्या वंशावळी हाडांवरून लावल्यात, म्हणून हे इतकं ठामपणे सांगता येतं. सगळा थाट अवारांचा, पण पूर्वज वेगळे. आणि आमच्याकडे नावाच्या पाटीवरून वंश ठरवतात.

राहिले मुघल. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो: बाबराची आई चंगेजच्या वंशातली होती. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आईकडून नाही. बापाकडून बाबर तैमूरचा, आणि तैमूर काही चंगेजचा वंशज नव्हता. त्याने चंगेजच्या घराण्यातली मुलगी केली आणि 'गुरगान', म्हणजे जावई, हे बिरुद मिरवलं. जावयाच्या अंगात सासऱ्याचं वाय गुणसूत्र येत नाही, हे निदान मामांना तरी कळायला हवं; तीन जावई आहेत त्यांना.