मावशीला दीडशे रुपये आले, हो. पुढे?

मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर सध्या हा मेसेज फिरतोय: ‘घरबसल्या रोज 2 तास व्हिडिओ बघा, लाइक करा, 3000 कमवा. यूट्यूब स्वतः पैसे देतं. टीव्ही बघणाऱ्यांनाही टीआरपीचे पैसे मिळतात. आमच्या सोसायटीतल्या काकूंना मिळाले, खात्री करूनच पाठवतेय.’ मावशी सदाशिव पेठेत राहते, पेन्शनर आहे. रविवारी मला म्हणाली, "नाहीतरी दुपारभर मालिकाच बघते, मग आलेले पैसे का सोडू?" तोवर बाई टेलिग्रामवर पोचल्याही होत्या.

यूट्यूब बघणाऱ्याला छदाम देत नाही. जाहिरातीतला वाटा मिळतो तो व्हिडिओ करणाऱ्याला, आणि त्यालाही आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचं प्रेक्षण जमवावं लागतं (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा). विकतचे लाइक तर त्यांच्या नियमांतच बसत नाहीत.

टीआरपीसाठी, म्हणजे कुठला कार्यक्रम किती बघितला जातो ते मोजायला, कुणाच्या घरी मीटर लावायचा ते बार्क ही संस्था ठरवते आणि ती घरं गुप्त ठेवते. ठरावीक चॅनेल लावून ठेवायला पैसे वाटले, असा गुन्हा मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर 2020 मध्ये नोंदवला होता. म्हणजे असे पैसे घेणं ही कमाई नव्हे, भानगड.

आता मावशीचा हुकमी एक्का: "अरे, पण मला मिळाले!" मिळाले, खरंच. तीन व्हिडिओ लाइक केले, स्क्रीनशॉट पाठवले, 150 रुपये खात्यात. मी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, तर कुठलेसे ट्रेडर्स. स्वतःला ‘आंतरराष्ट्रीय मार्केटिंग कंपनी’ म्हणवणारे कुणा ट्रेडर्सच्या खात्यातून पगार करतात? असली खाती भाड्याने घेतलेली असतात, आणि त्यातले पैसे बहुधा आधी फसलेल्या कुणाचे तरी. त्याने तक्रार केली, की पैशांचा माग काढत पोलीस पुढची खातीही गोठवायला लावतात. दीडशेपायी पेन्शनचं खातं अडकवायचं?

आणि ते दीडशे म्हणजे गळाला लावलेली कणीक. त्याच्याखालीच पुढचा मेसेज होता: ‘प्रीपेड टास्क. 2000 भरा, 2800 मिळवा.’ तेही कदाचित देतील. मग 20,000 भरायला सांगतील, मग ‘तुमची एक स्टेप चुकली’, मग ‘पैसे काढायला आधी टॅक्स भरा’. टेलिग्रामच्या त्या ग्रुपमधले बाकीचे ‘थँक यू मॅडम, आजचे 8400 आले’ लिहितात, सगळे एकाच साच्यात. ती माणसं त्यांचीच.

हे माझ्या मनाचं नाही. 6 डिसेंबर 2023 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने असल्या 100 हून अधिक वेबसाइट बंद केल्याचं जाहीर केलं. त्या पत्रकात हीच पद्धत लिहिली आहे: लाइक-सबस्क्राइबची कामं, सुरुवातीला थोडं कमिशन, मग जास्त गुंतवायला लावणं, मोठी रक्कम आली की ती गोठवणं. निशाण्यावर कोण, तर निवृत्त लोक, बायका आणि बेरोजगार तरुण. मावशी दोन खान्यांत बसते!

अर्धसत्य एवढंच, की काही अ‍ॅप खरोखर जाहिराती बघायचे किंवा सर्वेक्षणाचे पॉइंट देतात. पण चहाचे पैसे सुटले तरी नशीब, आणि ती तुमच्याकडून पैसे भरून घेत नाहीत.

कुणी भरलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मावशीने 2000 भरले नाहीत. त्या काकूंची चौकशी मात्र मी केली. मेसेज पाठवणारीला तो नणंदेकडून आलेला, नणंदेला ऑफिसातून. नणंदेच्या मते काकू कोथरूडच्या, ऑफिसातलीच्या मते हडपसरच्या.