मनी प्लांटला साखरपाणी पाजू नका

"काडीपासून लावलेला मनी प्लांट मलूल पडला? दोन वेळ पाणी द्या, साखरपाणी पाजा, वापरलेली चहापत्ती टाका, मोठ्या कुंडीत हलवून उन्हात ठेवा. आठ दिवसांत हिरवागार!" हा मेसेज गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. शेजारच्या मावशींनी तो तंतोतंत पाळला आणि सहाव्या दिवशी कुंडी घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. "पाह्य ना माय, पाणी कमी पडून राह्यलं का याले?"

बोट खुपसलं तर आत चिखल. माती वावरातली काळी. ती ओल धरून ठेवते म्हणून तर आपली कोरडवाहू कपाशी तगते. कुंडीत मात्र तोच गुण नडतो. भिजली की फुगते, हवेच्या जागा बुजतात, मुळं गुदमरून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही पान लोंबतं. आणि ते लोंबलं म्हणून आपण अजून एक तांब्या ओततो.

पाणी तरी कुठलं? कूलरच्या टाकीतलं उरलेलं. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरच्या गवतावर चढणारा पांढरा थर तोच. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतलं पाणी मुळातच खारट. पानांची टोकं करपतात ती अशानेही.

साखर झाड स्वतःच पानात बनवतं. मातीत ओतलेली बुरशीच्या कामी येते. आपली चहापत्ती दूध-साखरेत उकळलेली, तिच्यावर चिलटं आलीच. मोठ्या कुंडीत चार मुळांभोवती बादलीभर माती, ती सुकणार कधी?

उन्हाचं म्हणाल तर सकाळचं कोवळं चालतं. पण मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो. "उन्हात ठेवा" लिहिणाऱ्याने आधी स्वतः भरदुपारी गच्चीवर बसून दाखवावं.

मेसेजमधलं एकच खरं: मनी प्लांट काडीपासून लागतो. मावशींचा वाचला तो त्यामुळेच. मुळं काळी, लिबलिबीत निघाली, ती फेकली. वरचा वेल घट्ट, हिरवा होता. पान फुटतं त्या गाठीच्या खाली कापला आणि गाठ बुडेल असा प्यायच्या पाण्यात, बाटलीत ठेवला. मूळ गाठीतूनच फुटतं. नुसत्या पानाचा वेल होत नाही. पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचं. मुळं दोन-तीन बोटं वाढली की तळाला भोकं पाडलेल्या लहान डब्यात रेती, कुजलेलं शेणखत आणि थोडीच काळी माती. पुढे वरची माती बोटभर सुकेल तेव्हाच पाणी.

मावशींचा वेल आता डब्यात आहे. रोज सकाळी विचारतात, "आज तरी टाकू का वं पाणी?"