त्या तुकड्यांमधून अब्राम गेलाच नाही

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन भागांना आपण ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतो. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याच्यापाशी थांबून विचार करणे आपण सोडून दिले आहे. करार म्हटले की डोळ्यांसमोर कागद, दोन पक्ष, अटी, मुदत आणि सह्या येतात. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. देवाशी असलेल्या नात्याचा विचार अनेक श्रद्धावंत याच चौकटीत करतात, आणि मीही कित्येक वर्षे तसाच करत होतो. घरातील एका जवळच्या माणसाच्या आजारपणात मी रात्ररात्र प्रार्थना केली. आज आठवून पाहतो तेव्हा जाणवते की त्या प्रार्थनेत याचना थोडी आणि बोलणी फार होती. तू एवढे कर, मग मी तेवढे करीन. तो माणूस वाचला नाही, तेव्हा दुःखाच्याही आधी मला वाटले की आपली फसवणूक झाली. त्या कडवटपणामुळेच मी हा शब्द मुळापासून वाचायला लागलो.

हिब्रू भाषेत यासाठी ‘बरीथ’ असा शब्द आहे, आणि बरीथ ‘करतात’ असे न म्हणता अनेकदा तो ‘कापतात’ असे म्हटले जाते. बायबलच्या पहिल्या, ‘उत्पत्ती’ नावाच्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात यामागची रीत दिसते. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राम (पुढचा अब्राहाम) देवाच्या सांगण्यावरून तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे एक पिल्लू आणतो. पक्षी सोडून बाकीचे प्राणी मधोमध चिरतो आणि अर्धे अर्ध्यासमोर मांडतो. या तुकड्यांमधून चालत जाण्याचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात उघड होतो: वासराच्या तुकड्यांमधून जाऊनही ज्यांनी शब्द पाळला नाही, त्यांची गत त्या वासरासारखी होईल, असे तेथे परमेश्वर म्हणतो. म्हणजे तुकड्यांमधून जाणारा स्वतःच्या जिवाची शपथ वाहत असतो.

अब्रामाच्या बाबतीत मात्र काय घडते? सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, काळोख दाटतो, आणि त्या तुकड्यांमधून धुमसणारी भट्टी व जळती मशाल पुढे सरकते. अब्राम पडून आहे. जाते ते केवळ देवाच्या उपस्थितीचे चिन्ह. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकला होता, पण दोन पक्षांपैकी एकच पक्ष चालला आणि वचनभंगाचा शाप त्याने एकट्याने अंगावर घेतला, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाशी केलेला करारही याच जातीचा आहे. त्यात पृथ्वीवरील प्रत्येक सजीव प्राणी सामील आहे, आणि ढगांतील धनुष्य पाहून त्या वचनाचे स्मरण करण्याचे काम देव स्वतःकडे घेतो.

यावर कोणी, जेथे मोशेच्या हातून इस्राएल लोकांना दहा आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वताकडे बोट दाखवील, आणि ते रास्तच आहे. तेथे आज्ञा आहेत, आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात त्या पाळल्यास आशीर्वाद व मोडल्यास शाप असे स्पष्ट शब्दांत मांडलेले आहे. ते शब्द सौम्य करून वाचणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तरीही दहा आज्ञांचे पहिले वाक्य आज्ञा नव्हे; मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यातून बाहेर आणले, हे परमेश्वर आधी सांगतो. प्राचीन पश्चिम आशियातील हित्ती सम्राटांनी आपल्या मांडलिकांशी केलेल्या तहांतही असाच क्रम आढळतो: सम्राटाने पूर्वी काय केले ते प्रथम, अटी नंतर. इस्राएल लोकांची सुटका आज्ञा पाळल्याबद्दल झाली नव्हती. सुटका झालेल्यांनी कसे जगावे हे सांगण्यासाठी आज्ञा आल्या. आणि ‘परमेश्वराने सांगितले ते सर्व आम्ही करू’ असे एकमुखाने म्हणणाऱ्या त्याच लोकांनी, मोशे चाळीस दिवस पर्वतावर असताना, सोन्याचे वासरू केले. व्यवहारातला करार तेथेच संपला असता. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात मात्र आज्ञांच्या दगडी पाट्या पुन्हा घडवल्या जातात.

माझ्या कडवटपणाला उत्तर मिळाले ते 89 व्या स्तोत्रात. दावीद राजाच्या घराण्याला दिलेल्या वचनाचे गुणगान करता करता स्तोत्रकर्ता अचानक वळतो आणि देवाला तोंडावर सांगतो की तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीस मिळवलास. तुझी पूर्वीची दया कोठे गेली? व्यवहारात फसवला गेलेला माणूस तिसऱ्याकडे दाद मागतो. येथे तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच ती नेली जाते, आणि ती शास्त्रातून वगळली गेलेली नाही. त्या रात्रींनंतर मी गप्प झालो होतो, प्रार्थना सोडली होती. गप्प होण्यापेक्षा भांडायला हवे होते, असे आज मला वाटते.

शास्त्राचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुदी विद्वानांनी बरीथसाठी बरोबरीच्या दोघांतील तहाचा शब्द न घेता ‘दियाथेके’ हा शब्द घेतला, ज्याचा एक अर्थ मृत्युपत्र असा होतो. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ नवव्या अध्यायात हाच अर्थ पुढे नेते: मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणाने ते लागू होते. मृत्युपत्रावर वारसाची सही लागत नाही.

त्याच पत्रात पहिल्या कराराला जुना आणि जीर्ण म्हटले आहे, आणि त्या आधारावर ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके असे शिकवले की देवाने यहुदी लोकांना टाकून दिले. या शिकवणीने भयंकर हानी केली, आणि ती चूक होती असे मी ठामपणे म्हणतो. देवाची कृपादाने व पाचारण मागे घेतली जात नाहीत, असे प्रेषित पौल इस्राएलाविषयीच लिहितो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली त्याच वचनाचा आधार घेतला. जो पहिला शब्द मोडू शकतो, त्याच्या दुसऱ्या शब्दावर आपण कशाच्या बळावर विसंबायचे? यिर्मयाच्या 31 व्या अध्यायात वचन दिलेला नवा करारही इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशीच आहे. फरक एवढाच की नियमशास्त्र आता हृदयावर लिहिले जाणार आहे.

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी प्याला हातात घेतो तेव्हा मला शुभवर्तमानकार लूकने सांगितलेला त्या रात्रीचा क्रम आठवतो. हा प्याला माझ्या रक्तातील नवा करार आहे, असे येशू म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात, मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे, असेही म्हणतो. सीनायजवळ लोकांनी होकार दिला होता. येथे शिष्यांकडून कसलेच वचन मागितलेले नाही. त्यांच्यातील पेत्र मात्र आपण होऊन ते देतो: तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी तो आपल्याला तीन वेळा नाकारणार, हे येशूला ठाऊक होते, आणि तरीही प्याला त्याच्या हाती आधीच दिला गेला होता.