तुरुंगातील परिचारिकेची नोंद आणि रात्रीचे फाटक

कळव्याला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका मुलीची नुकतीच कारागृहाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नेमणूक झाली. जीएनएम (परिचर्येची पदविका) झाल्यावर तिने दोन वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम केले आहे. नेमणुकीचा आदेश दाखवायला ती आईसोबत माझ्याकडे आली, तेव्हा आईने काळजीने विचारले, "ताई, तिथे हिला शिकायला काय मिळणार? चोरदरोडेखोरांना गोळ्या वाटायच्या, एवढेच ना?" मी एकतीस वर्षे सरकारी सेवेत परिचारिका होते आणि त्यातली चार वर्षे एका कारागृहाच्या दवाखान्यात काढली. त्या दिवशी चहा होईपर्यंत जे उत्तर देता आले ते मलाच अपुरे वाटले, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

बाहेरच्या रुग्णालयात माणूस येतो तेव्हा त्याच्या दुखण्यावर घरच्या कुणाचा तरी विश्वास बसलेला असतो. तुरुंगात हा विश्वास आधी मिळवावा लागतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे, ज्या बंद्याला औषधोपचार करणाऱ्याकडे जायचे आहे किंवा जो शरीराने वा मनाने बरा दिसत नाही, त्याची खबर त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्याला द्यायची आणि तुरुंगाधिकाऱ्याने ती दवाखान्यापर्यंत पोहोचवायची, अशी साखळी आहे. कागदावर ती निर्दोष आहे. प्रत्यक्षात, सायंकाळी सर्वांना आत घेऊन बराकी कुलूपबंद झाल्या की त्या साखळीच्या प्रत्येक कडीला एकच वाक्य अडकलेले असते : "नाटक करतोय."

ढोंग करणारे असतात, हे मी नाकारत नाही. काम टाळण्यासाठी, बराक बदलून घेण्यासाठी किंवा बाहेरच्या रुग्णालयात नातेवाईक भेटतील या आशेने पोट धरून बसणारे मीही पाहिले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की, ढोंग हा निष्कर्ष सर्व तपासण्या झाल्यावर शेवटी काढायचा असतो आणि तो काढण्याचा अधिकार वैद्यकीय माणसाचा असतो. तुरुंगात तो सर्वांत आधी आणि गजापलीकडूनच काढला जातो.

चाळिशीतला एक रिक्षाचालक मारामारीच्या गुन्ह्यात न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, म्हणून आला होता. दुसऱ्या रात्री तो भिंतीवरून मुंग्या चालल्याचे सांगत अंथरूण झटकू लागला, शेजाऱ्यांच्या अंगावर धावला. त्याला वेड लागले आहे असे बराकीने ठरवले आणि त्याला विभक्त कोठडीत हलवण्याची तयारी सुरू झाली. मी पोहोचले तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजलेला होता, हात थरथरत होते आणि नाडी १३० होती. दाखल होतानाच्या तपासणीच्या कागदावर व्यसनाच्या रकान्यात "नाही" लिहिलेले होते. कागद बाजूला ठेवून मी अटकेपासूनचे तास मोजले. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि सुमारे ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, घाम व गोंधळाची जीवघेणी अवस्था येते. अटक, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, एखाद्या दिवसाची पोलीस कोठडी आणि मग कारागृह, हा कायद्याचा क्रम मांडून पाहा. दारू तुटल्याचा सर्वांत धोक्याचा काळ नेमका तुरुंगातल्या पहिल्या एक-दोन रात्रींवर येऊन पडतो. डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे थायमिन आणि डायझेपामची इंजेक्शने दिली व त्याला बाहेरच्या रुग्णालयात पाठवले. तो वाचला. कोठडीत एकटा राहिला असता तर सकाळच्या गिनतीला काय आढळले असते, हे मला आजही सांगवत नाही. म्हणून नव्या बंद्याला "दारू पितोस का?" असे विचारून उपयोग नाही, कारण त्या प्रश्नाला भीतीने नकारच मिळतो. "शेवटची कधी घेतलीस आणि रोज किती लागते?" असे शांतपणे, शिपाई दोन पावले लांब असताना विचारावे लागते.

दुसरा प्रसंग कोर्टाच्या तारखेचा. मधुमेह असलेल्या एका बंद्याने सकाळी इन्सुलिन घेतले, मग पोलिसांच्या गाडीतून तो तारखेला गेला, दुपारचे जेवण हुकले आणि परतीला गाडी वाहतुकीत अडकली. सायंकाळी फाटकावर झडतीच्या वेळी तो अडखळत बोलत होता आणि त्याने एका शिपायाला ढकलले. कोर्टातून कुणीतरी नशा पुरवली, असा सर्वांचा समज झाला. बोट टोचून साखर पाहिली तर ती ३८, म्हणजे धोकादायक इतकी कमी होती. पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोज शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत तो भानावर आला आणि आपण कुठे आहोत असे विचारू लागला. ज्याच्यावर गैरवर्तनाचा अहवाल लिहिला जाणार होता, त्या माणसाला खरे तर वेळेवर एक पोळीभाजी मिळायला हवी होती. त्यानंतर इन्सुलिन घेणाऱ्या बंद्यांसोबत तारखेच्या दिवशी खाण्याचा डबा आणि साखर पाठवावी, असा आग्रह मी धरला व तो काही काळ पाळला गेला.

आता माझ्या हातून झालेली चूकही लिहिते, कारण ती वगळली तर वर लिहिलेले सारे खोटे ठरेल. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा पहाटे ओटीपोट दुखते म्हणून आला. खाली मान घालून उभा होता, दोनदा उलटी झाली होती. मी पोट तपासले, पोटदुखीची गोळी दिली आणि परत पाठवले. त्याचे दुखणे पोटात नव्हतेच. त्याच्या वृषणाला पीळ पडला होता आणि समोर स्त्री आहे, बाजूला शिपाई उभा आहे, या लाजेने तो बोलला नाही. असा पीळ साधारण सहा तासांत सुटला तर अवयव बहुधा वाचतो. आमच्याकडून तो रुग्णालयात गेला तेव्हा दिवस मावळला होता आणि तो अवयव काढावा लागला. त्या दिवशी "नाटक" हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. त्यानंतर ओटीपोटाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक तरुणाला मी पडद्याआड नेऊन ब्रदरकडून, म्हणजे पुरुष परिचारकाकडून, पूर्ण तपासून घेतले.

छातीच्या दुखण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असायला हवे. "गॅस झाला आहे" असे म्हणणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे, आणि मधुमेही माणसाला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातील कारागृहांत १,९९५ मृत्यू नोंदले गेले आणि त्यांपैकी १,७७३ नैसर्गिक या सदरात आहेत. आजारांनी झालेल्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. "नैसर्गिक" या शब्दाने वाचणाऱ्याचे समाधान होते. त्यातले किती मृत्यू वेळेवर ओळखता आले असते, हे त्या सदरात दिसत नाही. तुरुंगातील चारांपैकी तीन माणसे न्यायबंदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नाही. सिद्ध झाला असता तरी माझे मत बदलले नसते. जखमी माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे वैद्यकीय व्यवसायातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे.

शिपायांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेल्या बराकी एकेका माणसाने रात्रभर सांभाळायच्या, ही परिस्थिती त्यांनी निर्माण केलेली नाही. एका शिपायानेच मला एकदा सहज सांगितले होते की, अमुक नंबरचे बाबा तीन रात्री आडवे झालेले नाहीत, भिंतीला टेकून बसूनच झोपतात. मी जाऊन पाहिले तर दोन्ही पायांना सूज, बोट दाबले की खड्डा पडत होता, आणि आडवे केले की श्वास कोंडत होता. हृदय कमजोर होऊन फुप्फुसांत पाणी साठत होते. नर्सिंगचा एकही धडा न शिकलेल्या त्या माणसाने जे टिपले, ते प्रत्येक शिपायाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवता येईल.

माझी मुख्य तक्रार फाटकाबद्दल आहे. परिचारिकेने धोका ओळखला, डॉक्टरांनी बाहेर पाठवायला सांगितले, तरी रुग्णासोबत जाणारी पोलीस पार्टी मुख्यालयातून येईपर्यंत तो आतच असतो. ठाण्याचे कारागृह शहराच्या मध्यात, जुन्या किल्ल्यात आहे. तिथे अंतर फारसे आड येत नाही. नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहातून मात्र जे. जे. रुग्णालय गाठायचे म्हणजे वाशीचा पूल ओलांडून मुंबईचे दुसरे टोक गाठायचे, आणि त्याआधीच पार्टीची वाट पाहण्यात दीड-दोन तास गेले तर त्या रुग्णवाहिकेला काय अर्थ उरतो? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील २७ वा नियम स्पष्ट सांगतो की, वैद्यकीय निर्णय वैद्यकीय कर्मचाऱ्यांनीच घ्यावेत आणि इतर कर्मचाऱ्यांनी ते डावलू नयेत. कोठडीतील मृत्यूची खबर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांच्या आत द्यावी लागते आणि ती शिस्त पाळली जाते. मग तितक्याच शिस्तीने तातडीच्या रुग्णासाठी परिचारिकेने नोंद केल्याची वेळ, पार्टी मागवल्याची वेळ आणि फाटक उघडल्याची वेळ या तिन्ही एकाच नोंदवहीत का येऊ नयेत? मोठ्या कारागृहांसाठी रात्रपाळीला एक पार्टी राखीव ठेवावी आणि चोवीस तास परिचारिका असावी, यासाठी नवा कायदा लागणार नाही.

रविवारी ती मुलगी पुन्हा येऊन गेली. सोमवारी रुजू होणार होती. "काकू, मी पाठवायला हवे म्हटले आणि साहेब नको म्हणाले तर?" असे तिने विचारले. मी तिला सांगितले की, वाद घालू नकोस. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, साखर आणि वेळ लिही, कुणी काय सांगितले ते नावासह लिही, डॉक्टरांना फोन करून तेही लिही, आणि रुग्णाजवळून न हलता पंधरा मिनिटांनी पुन्हा सर्व मोजून त्याखाली नवी नोंद कर.